न सरणारी बाटली

नदीकाठच्या एका गावात वामनशेट नावाचा सोनार राहत होता. त्याच्याहून नाजूक काम करणारे सोनार गावात होते, त्याच्याहून श्रीमंतही होते. पण वजनाचा प्रश्न आला की लोक वामनशेटच्याच दुकानाची पायरी चढायचे. सोनं तोलायला बसला की तो दार लोटून घ्यायचा, पंखा बंद करायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "आता घटकाभर गप्प बसा. बोलण्याचा वारासुद्धा पारड्याला लागतो." गिऱ्हाईक मनातून हसायचं, पण गप्प बसायचं.

एकदा एक बाई जुनी बोरमाळ मोडून पैसे घेऊन गेली. मागाहून तराजू पुसताना वामनशेटच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. वजनाच्या पारड्याला खालून लाखेचा एक कण चिकटला होता. म्हणजे बाईचं सोनं तेवढं कमी भरलं होतं. वामनशेट तसाच अनवाणी स्टँडवर धावला, निघालेली एसटी थांबवली आणि बाईला खाली उतरवून उरलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. गाडीतले लोक हसले. कंडक्टर चिडला. पण त्या दिवसापासून वामनशेट प्रत्येक वेळी तोलण्याआधी दोन्ही पारड्यांखालून बोट फिरवायला लागला आणि ही गोष्ट ऐकून गिऱ्हाइकं आपणहून त्याच्याकडे यायला लागली. वामनशेटला त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा ना.

दिवाळीच्या सुमारास वामनशेटला नातू झाला. दामोदर नाव ठेवलं, पण घरात सगळे दामूच म्हणायचे. दामू पुऱ्या दिवसांचा नव्हता, महिनाभर आधीच आला. एवढासा जीव. वामनशेटने त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून आयुष्यभर श्वास रोखून बसलेला माणूस त्या दिवशी कारण नसताना श्वास रोखून उभा राहिला.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासलं आणि वामनशेटच्या सुनेला, कुमुदला, जवळ बसवून सांगितलं, "बाळ छान आहे. सध्या आईचं दूध हेच त्याचं अन्न. फक्त लवकर जन्मलंय, म्हणून ही जीवनसत्त्वाची बाटली देते. रोज सकाळी चार थेंब. कमी नकोत आणि जास्त तर मुळीच नकोत. वाढवायचे असतील तेव्हा मी सांगेन."

कुमुदने ते शब्द पदराला गाठ मारावी तसे जपले. तिचा नवरा श्रीधर दागिन्यांची पेटी घेऊन गावोगावच्या बाजारांना जायचा, घरी असायचा तो कमीच. बाळाचं सगळं तिच्याच हातात होतं. रोज सकाळी अंघोळ झाली की ती दामूला मांडीवर घ्यायची, ड्रॉपर उभा धरायची आणि चार थेंब मोजून जिभेवर सोडायची. मग बाटलीचं झाकण घट्ट लावून ती देवाच्या कोनाड्यात ठेवायची. वामनशेट लांबून बघायचा आणि मनात म्हणायचा, सून आपल्याच घराण्यात शोभणारी आहे.

दामू हळूहळू वाढत होता. डॉक्टरीणबाई दर खेपेला त्याचं वजन करायच्या आणि मान डोलवायच्या. तक्रारीला जागाच नव्हती. पण गावाला तक्रारीसाठी जागा लागते थोडीच!

त्या गावात एक रीत होती. चैत्रात देवीची यात्रा भरली की वर्षभरात जन्मलेली मुलं देवळापुढच्या मोठ्या तराजूत बसवायची, गुळाने तोलायची आणि तो गूळ देवीचा प्रसाद म्हणून वाटायचा. कुणाच्या मुलाला किती गूळ लागला ते पुजारी मोठ्याने सांगायचे. देवीला त्या आकड्याशी काही घेणंदेणं नव्हतं. पण गावाला होतं. ज्याच्या मुलाला जास्त गूळ लागे, त्याची आजी पुढे वर्षभर पाणवठ्यावर ताठ मानेने चालायची.

वामनशेटच्या दुकानासमोर भिकूशेट वाण्याचं दुकान होतं. त्याच्याकडेही त्याच सुमारास नातू झाला होता. ते पोर बाळसेदार, गुटगुटीत, मांडीला वळ्या पडलेलं. एके दिवशी भिकूशेटने आपल्या ओट्यावरून हाक मारली, "वामनशेट, यात्रा आली की हो! तुमच्या नातवाला कसं तोलायचं? देवीचा काटा त्याच्यासाठी हलायचासुद्धा नाही. तुम्ही आपले सोनं तोलायच्या गुंजाच आणा घरून!"

ओट्यावर बसलेले चौघे खो खो हसले. वामनशेटही हसला. भिकूशेटच्या मनात काही वाईट नव्हतं, चेष्टा करायची त्याला सवयच होती. पण ते बोलणं वामनशेटला जिव्हारी लागलं. ज्या गुंजांनी त्याने नाव कमावलं होतं, त्याच गुंजांनी आज त्याच्या नातवाला हलकं ठरवलं होतं. त्या दिवशी जेवताना त्याने दामूकडे पाहिलं आणि कालपर्यंत चांगला दिसणारा नातू त्याला एकदम किडकिडीत दिसायला लागला.

घरी मथुराबाईंचंही तेच चाललं होतं. वामनशेटची बायको ती. बाळाला बघायला येणारी प्रत्येक बाई त्याला उचलायची आणि "हलकं आहे गं लेकरू," म्हणून खाली ठेवायची. मथुराबाई वरवर म्हणायच्या, "अहो, त्याची चणच बारीक." आत मात्र त्यांचा जीव तुटायचा.

पुढच्या आठवड्यात वामनशेट सामान आणायला शहरात गेला. परत येताना एका औषधाच्या दुकानात शिरला आणि दामूच्या बाटलीवरचं नाव सांगून विचारलं, "यात आणखी जोरदार काही मिळतं का?"

"मिळतं की. हे घ्या. त्याच्या कैकपट जोर आहे यात," दुकानदार म्हणाला. "कुणासाठी पाहिजे?"

पाच महिन्यांच्या बाळासाठी म्हटलं तर हा देणार नाही, हे वामनशेटला कळत होतं. "घरी पाहिजे," तो म्हणाला. दुकानदाराने पुढे विचारलं नाही. मोठ्या माणसांची ती बाटली वामनशेटने कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरचा रस्ता धरला.

कुमुदला सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून त्याने सांगितलंच नाही. दुपारी ती दुपटी धुवायला मागच्या दारी गेली की तो देवाच्या कोनाड्यापाशी जायचा आणि आपल्या बाटलीतलं थोडं औषध छोट्या बाटलीत ओतायचा. मनाची समजूत घालायचा, 'थेंब तर ती चारच देते ना? मग कुठे बिघडलं? त्याच चार थेंबांत जरा कस वाढला, एवढंच.' सोन्यात कुणी असं गुपचूप काही मिसळलं असतं तर याच वामनशेटने त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण माया आंधळी असली की तिला आपल्या घरचा तराजू दिसत नाही.

इकडे मथुराबाईंनीही एक वाट शोधली होती. कुमुद अंघोळीला गेली की त्या कोनाड्यातली बाटली काढायच्या आणि दामूच्या तोंडात आणखी थोडं औषध सोडायच्या. ड्रॉपरची भानगड त्यांना जमत नसे, म्हणून चमच्यातूनच. पहिल्या दिवशी त्या फार घाबरल्या. बाटलीतलं औषध कमी झालेलं सुनेला कळणार! दुसऱ्या दिवशी भीत भीत पाहिलं तर बाटली जवळजवळ होती तेवढीच भरलेली. त्यांनी कोनाड्यातल्या देवीपुढे हात जोडले. आईचीच कृपा, तिलाच बाळाला धष्टपुष्ट करायचंय! मग त्यांची भीड चेपली आणि चमचा जरा मोठा झाला.

बाटली लवकर का उतरते, हे वामनशेटला कळेना. आपणच कमी ओतलं असेल, असं वाटून तो आणखी ओतायचा.

एके दिवशी जेवायला वाढताना कुमुद म्हणाली, "मामंजी, एक गंमत आहे. दामूची बाटली सरतच नाही. एव्हाना दुसरी आणावी लागायला हवी होती. रंगही जरा वेगळा वाटतोय. डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवून येऊ का?"

मथुराबाईंनी ताटातली मान वर केली नाही. वामनशेटच्या हातातला घास तसाच राहिला.

"तू जपून देतेस, म्हणून पुरते," तो म्हणाला. "उगीच कशाला हेलपाटा? यात्रा झाली की जाऊ."

कुमुदला ते पटलं. सासऱ्याच्या शब्दावर सारा गाव सोनं हवाली करायचा, मग तिने का शंका घ्यावी? घास घशाखाली उतरवताना वामनशेटला तो कडू लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून कुणाला तरी खोटं माप दिलं होतं, तेही पोटच्या पोरीसारख्या सुनेला.

यात्रा तोंडावर आली आणि दामू गप्प गप्प राहायला लागला. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. "शहाणा झालाय, रडत नाही," मथुराबाई म्हणाल्या. मग तो दूध नीट ओढेना. ओढलं तर ओकून टाकी. पोट टणक झालं, ओठ सुकले. कुमुद त्याला छातीशी धरून घरभर फेऱ्या मारायची आणि तो डोळे अर्धे मिटून तिच्या खांद्यावर पडून राहायचा. एका सकाळी तिने त्याला हाक मारली, चुटकी वाजवली, पैंजण वाजवून दाखवलं. दामूने मान वळवली नाही. श्रीधर बाजाराला गेलेला होता. कुमुदने तशीच साडी खोचली आणि म्हणाली, "यात्रा गेली खड्ड्यात. मला आत्ता डॉक्टरीणबाईंकडे न्या."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दामूला तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "याला काय काय दिलंत?"

"दूध, आणि तुम्ही सांगितलेले चार थेंब," कुमुद म्हणाली.

"आणखी काही? गुटी, टॉनिक, शेजारणीने सांगितलेलं एखादं औषध?"

"नाही हो. काही नाही."

"नीट आठवून सांगा, बाई. जीवनसत्त्व फार झाल्यासारखी लक्षणं दिसतायत. पण चार थेंबांनी असं होत नाही. मग दुसरा काही आजार असणार, आणि तो शोधण्यात वेळ जाणार. याच्याकडे फार वेळ नाहीये."

मथुराबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या. कुमुद स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. "माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "रात्रीची झोप नसते, सकाळी डोळ्यांवर झापड असते. चाराचे जास्त पडले असतील. माझाच हात चुकला असेल. मीच माझ्या लेकराला..."

तिने तो हात पदराखाली लपवला.

वामनशेट दाराशी उभा होता. कोटाच्या आतल्या खिशात ती मोठी बाटली होती. घरी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तो ती अंगावरच वागवायचा. बाहेर बाकांवर गावचीच माणसं बसली होती, त्यांतला एक जण भिकूशेटचा भाऊ. इथे उच्चारलेला शब्द संध्याकाळपर्यंत देवळात पोहोचणार होता. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळलं नसतं. सुनेने दोष आपणहून पदरात घेतलाच होता. डॉक्टरीणबाई हुशार होत्या, त्यांनी शोधलंही असतं काहीतरी. एवढे सगळे विचार त्याच्या मनात येऊन गेले. मोठ्या माणसाच्याही मनात असे विचार येतात, ते लपवण्यात अर्थ नाही.

मग त्याला दामूचा हात दिसला. टेबलाच्या कडेवरून लोंबणारा, बोटं सैल सुटलेली. एरवी तीच बोटं आजोबांच्या मिशा ओढायची.

वामनशेट पुढे आला. त्याने बाटली काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरीणबाई, पारड्याखाली लाख होती," तो म्हणाला. "ती मी लावली. हिचा हात चुकलेला नाही. ही चारच थेंब देत होती, पण त्या बाटलीत मी हे ओतत होतो. रोज. हिच्या मागे."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं आणि डोळे मिटून घेतले. कुमुद सासऱ्याकडे बघतच राहिली. आणि मग भिंतीशी टेकलेल्या मथुराबाईंनी तोंडावरचा पदर काढला. "अगंबाई! म्हणून सरत नव्हती होय ती! मी वरून चमचा पाजत होते गं, कुमुद. मला वाटलं, देवी भरतेय."

रागवायलाही डॉक्टरीणबाईंना सवड नव्हती. कारण कळलं होतं. त्यांनी ते थेंब तिथल्या तिथे बंद केले, दामूला सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं आणि गाडी करून त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "शेट, हे काही पाण्यासारखं नसतं, जास्त झालं की बाहेर पडायला. अंगात साठत जातं. थोडं असतं तोवर हाडं बांधतं, फार झालं की तेच बाळाला आतून सुकवतं. आज सांगितलंत म्हणून बरं. उद्या सांगितलं असतंत तर मला काही करता आलं असतं की नाही, देव जाणे."

यात्रा आली आणि गेली. देवळापुढे मुलं गुळाने तोलली गेली, भिकूशेटच्या नातवाचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. त्या वेळी वामनशेट शहरातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला होता. आत दामू झोपला होता आणि त्याच्या नळीतून थेंब थेंब पाणी उतरत होतं. वामनशेट काचेतून ते थेंब बघत बसायचा.

त्याने कुमुदची क्षमा मागितली ती तिथेच, व्हरांड्यात. लांबलचक बोलला नाही. "सूनबाई, तू विचारलं होतंस. मी तुला खोटं सांगितलं."

कुमुदला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. "मामंजी, माझ्या हातावरचा माझा विश्वास उडाला होता," ती म्हणाली. "आई आहे मी त्याची. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं."

"हवं होतं," वामनशेट म्हणाला.

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी कुरकुर, मग किरकिर आणि मग चांगला टाहो. दामूला भूक लागली होती. मथुराबाई "रडला! रडला गं बाई!" करत नर्सच्या मागे धावल्या आणि कुमुद उठून आत पळाली. वामनशेट बाकावर बसल्या बसल्या लहान मुलासारखा रडला. आपण रडतोय हे कुणी बघतंय का, हेही त्याने पाहिलं नाही.

दामू घरी आला. पुढे कित्येक महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासून त्याला पुन्हा औषधाचे थोडेच थेंब सुरू केले. या खेपेला बाटली कोनाड्यात राहिली ती एकट्या कुमुदच्या ताब्यात. थेंब देऊन झाले की ती मोठ्याने सांगायची, "दिले हो!" आणि स्वयंपाकघरातून मथुराबाई, दुकानातून वामनशेट ओ द्यायचे, "बरं!" बाटली वेळच्या वेळी सरली. ती सरलेली पाहून त्या घराला झालेला आनंद दुसऱ्या कुणाला कळायचा नाही.

पुढच्या चैत्रात वामनशेट दामूला घेऊन यात्रेला गेला. मागच्या वर्षी राहून गेलं म्हणून पुजाऱ्यांनी खास त्याला तराजूत बसवायचं ठरवलं. दामू आता उभा राहायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. पारड्यात ठेवण्याआधी वामनशेट वाकला आणि त्याने दोन्ही पारड्यांखालून बोट फिरवलं. लोक कुजबुजले. दवाखान्यातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

दामू पारड्यात बसला आणि समोरच्या गुळाकडे झेपावला. काटा स्थिरावला. पुजाऱ्यांनी आकडा सांगितला. तो काही मोठा नव्हता. भिकूशेटचा हसरा आवाज गर्दीतून आलाच, "वामनशेट, गूळ थोडा कमीच लागला म्हणायचा!"

वामनशेटने नातवाला उचलून कडेवर घेतलं. दामूने लगेच त्याची मिशी धरून ओढली.

"कमी लागला खरा, भिकूशेट," वामनशेट म्हणाला, "पण आहे तेवढा सगळा त्याचा स्वतःचा आहे. त्यात माझं काही मिसळलेलं नाही."

भिकूशेट या खेपेला हसला नाही. त्याने पुढे होऊन दामूच्या मुठीत गुळाचा खडा दिला. देण्याआधी मात्र त्याने कुमुदकडे पाहून विचारलं, "देऊ ना गं, पोरी?"

तात्पर्य: लहान मुलाला द्यायचं ते जाणत्याला विचारून, मापात आणि आईच्या देखत द्यावं, कारण लोकांच्या नजरेत मूल भरावं म्हणून चोरून दिलेलं चांगलं औषधही विष होतं, आणि ते विष उतरवायची सुरुवात खरं बोलण्यापासूनच होते.